धूळ कुणाच्या वाट्याला? चिरेखाणीपासून कोळशापर्यंत एकच प्रश्न

३० जून २०२५ रोजी तेलंगणातील संगारेड्डी जिल्ह्यात, पाशमैलारम औद्योगिक वसाहतीतील सिगाची इंडस्ट्रीज या कारखान्यात स्फोट झाला. ४० हून अधिक कामगार गेले. काहींचे मृतदेहही ओळखण्याजोगे राहिले नव्हते. मेलेल्यांत परराज्यांतून पोटासाठी आलेले मजूर मोठ्या संख्येने होते. या कारखान्यात तयार होत होती औषधाच्या गोळ्यांत मिसळली जाणारी सेल्युलोजची पांढरी भुकटी. म्हणजे दारूगोळा नव्हे, विषारी वायू नव्हे. लाकडाच्या लगद्यापासून केलेली, खाण्यायोग्य अशी पावडर. ती सुकवण्याच्या यंत्रणेत धुळीचाच स्फोट झाला असावा, अशी शक्यता सुरुवातीपासून वर्तवली गेली.

त्यानंतर पाच महिन्यांनी, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. कारखाने अधिनियम १९४८ आणि खाण अधिनियम १९५२ हे दोन जुने कायदे त्यांत विलीन झाले. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती पगार, ग्रॅच्युइटी आणि संपाच्या अधिकाराची. धुळीची चर्चा कुणी केली नाही.

या दोन बातम्यांचा मालवण तालुक्यातील मसुऱ्याशी काय संबंध, असे कुणी विचारेल. भरतगडाच्या पायथ्याचे, गड नदीच्या काठचे, आंगणेवाडीच्या जत्रेमुळे मुंबईकरांना ठाऊक असलेले हे गाव. इथे कोळशाची खाण नाही, मोठा कारखाना नाही. पण या पट्ट्यात जांभा दगड आहे. पावसाळा सरला की चिरेखाणी सुरू होतात, दगड कापणारी यंत्रे फिरू लागतात, चिरे भरलेले डंपर धावू लागतात आणि रस्त्याकडेच्या काजू-आंब्याची पाने मे महिन्यापर्यंत तांबडी होऊन जातात. पानांवरची धूळ मृगाच्या पावसात धुऊन जाते. फुप्फुसातली जात नाही.

म्हणून प्रश्न साधा आहे. धूळ कोण काढतो, धूळ कोण खातो, आणि त्याचा हिशेब कोण ठेवतो?

धूळ फुटते कशी

लाकडाचा ओंडका पेटवायला वेळ लागतो. त्याच्या ढलप्या लवकर पेटतात. त्याच लाकडाचा भुसा हवेत उडालेला असताना ठिणगी पडली, तर तो क्षणात पेटतो. पदार्थ जितका बारीक, तितका त्याचा अधिक भाग हवेच्या संपर्कात येतो आणि जळण्याचा वेग वाढतो. बंद जागेत हा वेग इतका वाढतो की दाबाने भिंती फुटतात. यासाठी पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात : जळू शकणारी धूळ, हवेतला ऑक्सिजन, ठिणगी किंवा उष्णता, हवेत पसरलेला धुळीचा दाट ढग आणि बंदिस्त जागा. यातली एक काढून घेतली की स्फोट टळतो.

कोळसा, साखर, पीठ, लाकडाचा भुसा, कापूस, गंधक, ॲल्युमिनियमची भुकटी, प्लॅस्टिकची आणि औषधांची पावडर या सगळ्या धुळी फुटू शकतात. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात इम्पीरियल शुगर या कारखान्यात साखरेच्या धुळीने १४ कामगारांचा बळी घेतला. ऑगस्ट २०१४ मध्ये चीनमधील कुनशान येथे मोटारीची चाके घासण्याच्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या धुळीचा स्फोट झाला; पहिल्याच फटक्यात ७० हून अधिक माणसे गेली आणि पुढे हा आकडा कितीतरी वाढला. जून २०१५ मध्ये तैवानमध्ये एका करमणुकीच्या कार्यक्रमात रंगीत मक्याचे पीठ उडवले गेले, ते पेटले आणि सुमारे ५०० तरुण भाजले.

अशा अपघातांत जास्त माणसे मारतो तो दुसरा स्फोट. पहिला बहुधा लहान असतो, एखाद्या यंत्रात किंवा नळीत होतो. पण त्याच्या धक्क्याने तुळयांवर, छताच्या पत्र्यावर, यंत्रांच्या मागे महिनोन्‌महिने साचलेली धूळ एकदम खाली येते. संपूर्ण शेड धुळीच्या ढगाने भरते आणि तो ढग पेटतो. कागदाच्या काही पानांइतका धुळीचा थर साऱ्या मजल्यावर असेल तर तेवढा पुरतो. म्हणजे ज्याने वेळेवर झाडू मारण्याचे पैसे वाचवले, त्यानेच दुसऱ्या स्फोटाची तयारी करून ठेवलेली असते.

कोळशाच्या खाणीत हे सर्वांत भयंकर रूप घेते. १० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधील कुरिएर येथे कोळशाच्या धुळीच्या स्फोटाने १०९९ खाणकामगार मारले. आपल्याकडे २८ मे १९६५ रोजी तेव्हाच्या बिहारमधील, आताच्या झारखंडमधील धोरी खाणीत २६८ कामगार गेले. याच खाणींत एक साधा उपाय पूर्वीपासून वापरला जातो : बोगद्याच्या भिंतींवर आणि जमिनीवर चुनखडीची भुकटी पसरायची. स्फोटाचा झोत आला की ही न जळणारी भुकटी कोळशाच्या धुळीत मिसळते, उष्णता शोषून घेते आणि ज्वाळा पुढे सरकत नाही. दगडाची धूळ कोळशाच्या धुळीला विझवते.

यातूनच मसुऱ्याच्या वाचकाला उत्तर मिळते. जांभ्याची धूळ फुटणार नाही. जांभा मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांचा दगड. त्यात जळण्यासारखे काही उरलेलेच नाही. गावातील पिठाच्या गिरणीत धूळ जळू शकणारी असते, पण उघड्या खोलीत ढग दाट होत नाही, म्हणून धोका कमी. तो वाढतो मोठ्या, बंदिस्त पीठ कारखान्यांत, साखर कारखान्यांच्या गोदामांत, लाकडाच्या भुशाच्या कोठ्यांत. कोकणातून पुणे, कोल्हापूर, रायगडच्या एमआयडीसीत कामाला गेलेल्या मुलांनी हे ओळखून ठेवले पाहिजे. शेडमध्ये पलीकडचा दिवा धूसर दिसू लागला तर तिथे थांबू नये.

धूळ पोखरते कशी

स्फोटाची बातमी होते. फुप्फुसाची होत नाही. म्हणून दुसरा धोका पहिल्यापेक्षा मोठा असूनही तो कुणाला दिसत नाही.

माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन. जी धूळ डोळ्याला दिसते, नाकात अडकते, थुंकीवाटे तांबडी किंवा काळी बाहेर पडते, ती त्रासदायक असते, पण शरीर तिला अडवते. चार-पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचतात. ते डोळ्याला दिसत नाहीत. तोंडाला गुंडाळलेला रुमाल किंवा साडीचा पदर त्यांना अडवत नाही. 'आता धूळ बसली, काम करूया' असे म्हणतो, तेव्हा बसलेली असते ती जाड धूळ. बारीक हवेतच असते.

या कणांत स्फटिकरूप सिलिका असेल, म्हणजे आपण ज्याला गारगोटी म्हणतो तिचा चुरा असेल, तर फुप्फुसात गाठी पडतात, पेशी ताठर होतात. हा सिलिकोसिस. बहुतेकांत तो दहा वर्षांहून अधिक काळाच्या कामानंतर दिसतो. धूळ फार असेल तर पाच वर्षांत, आणि सिलिकाची भुकटी करण्याच्या कामात तर काही महिन्यांतही. काम सोडले तरी तो वाढत राहू शकतो. त्यावर औषध नाही. सिलिकोसिस झालेल्याला क्षयरोग होण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये सिलिका धूळ माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात घातली. लाकडाची धूळही त्याच गटात आहे. अमेरिकेने २०१६ मध्ये सिलिकाची मर्यादा आठ तासांच्या कामासाठी घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम ठरवली. मिठाचा एक बारीक कण एका घनमीटर हवेत विरघळवावा, इतके हे अल्प प्रमाण आहे.

कोळशाच्या धुळीने फुप्फुस काळे आणि निकामी होते. कापसाच्या धुळीने बिसिनोसिस होतो : रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की छाती आवळून येते, पुढे ती रोजच आवळते. पिठाच्या धुळीने गिरणीवाल्याला आणि बेकरीवाल्याला दमा लागतो. ॲस्बेस्टॉसने तीस-चाळीस वर्षांनी कर्करोग होतो. प्रत्येक धुळीची तऱ्हा निराळी, पण कामगाराची तक्रार एकच असते : 'चढ चढवत नाही.'

सिंधुदुर्गातली धूळ

जांभ्यात सिलिका वाळूच्या दगडाइतकी नसते, पण ती शून्यही नसते आणि जागेनुसार बदलते. शिवाय चक्राकार पाते कोरड्या दगडावर फिरते, तेव्हा अतिशय बारीक भुकटी उडते आणि यंत्र चालवणारा तिच्या मधोमध उभा असतो. या खाणींवर कर्नाटकातून, घाटमाथ्यावरून आणि उत्तरेकडून आलेली कुटुंबे काम करतात. त्यांची झोपडी खाणीच्या काठावरच असते. म्हणजे आठ तासांची मर्यादा त्यांना लागूच पडत नाही. बाई स्वयंपाक करते तो धुळीत, मूल झोपते ते धुळीत.

खरा धोका त्याहून उत्तरेकडे, कणकवली तालुक्यात आहे. कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आणि ती धुण्या-चाळण्याचे प्रकल्प आहेत. ही वाळू काच कारखान्यांना आणि ओतकामाच्या साच्यांना लागते. घाटापलीकडे कोल्हापूरला ओतकामाच्या कारखान्यांचा मोठा समूह आहे. तिथे वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओततात, थंड झाल्यावर साचा फोडतात, सुटा भाग झाडून घासून काढतात. तेव्हा ही गारगोटीची वाळू भाजून, फुटून अधिक बारीक झालेली असते. म्हणजे एकाच वाळूची धूळ कासार्ड्याचा मजूर खातो आणि शिरोलीचा कामगारही. त्यात काळ्या दगडाच्या खडीचे क्रशर मिळवा. महामार्गाच्या चौपदरीकरणाने कोकणात त्यांची मागणी वाढवली.

दक्षिणेला गोवा. वास्को येथील मुरगाव बंदरात परदेशी कोळसा उतरतो आणि रेल्वेने कुळेमार्गे घाट चढून कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो. वास्कोतील रहिवासी वर्षानुवर्षे सांगत आले की घराच्या खिडक्या उघडता येत नाहीत. २०१७ मध्ये बंदरातील कोळसा-विस्ताराच्या जनसुनावण्यांत लोकांनी कडाडून विरोध नोंदवला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सत्तरी तालुक्यातील सोनशी गावात खनिजाच्या ट्रकांची धूळ सहन न होऊन ग्रामस्थांनी रस्ता अडवला आणि ४० हून अधिक जणांना तुरुंगात जावे लागले. धूळ करणारे मोकळे आणि धूळ खाणारे आत, असे ते चित्र होते.

आणि आपल्या राज्याचे दुसरे टोक म्हणजे चंद्रपूर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्या चंद्रपूरची आजची ओळख कोळसा खाणी आणि २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र अशी आहे. ज्या मातीत माणूस म्हणून उभे राहण्याची शपथ घेतली, त्या मातीतली हवा श्वास घेण्याजोगी राहिलेली नाही, ही बाब आपल्या चळवळीच्या विषयपत्रिकेवर यायला हवी.

कायद्याची फट

खाण अधिनियम १९५२ च्या कलम ३ मध्ये एक सूट होती. मुरूम, कंकर, साधी वाळू, बांधकामाचा दगड यांच्याबरोबर त्यात जांभ्याचेही नाव होते. अशी उघडी खाण सहा मीटरपेक्षा खोल नसेल, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसे कामाला नसतील आणि स्फोटके वापरली जात नसतील, तर कायद्यातल्या बहुतेक तरतुदी तिला लागू नव्हत्या. नव्या संहितेनेही अशा स्वरूपाची सूट कायम ठेवली आहे. मात्र त्याच कलमात साध्या वाळूचा उल्लेख करताना ओतकामाची आणि काचेची वाळू वगळली होती. म्हणजे कासार्ड्याच्या सिलिका वाळूला ही सूट मिळू शकत नव्हती. ती ज्याने दिली किंवा दुर्लक्षाने मिळू दिली, त्याने कायद्याबाहेर जाऊन दिली.

सहा मीटर म्हणजे साधारण वीस फूट. कोणतीही चिरेखाण वीस फुटांखाली गेली आहे की नाही, हे दोरीला दगड बांधून कुणीही मोजू शकतो. खोली वीस फुटांच्या पुढे गेली की सूट संपते आणि खाण सुरक्षेच्या यंत्रणेची जबाबदारी सुरू होते. तरीही ग्रामसभेत चर्चा होते ती स्वामित्वधनाची आणि रस्ता खराब झाल्याची. खोली मोजण्याचा ठराव करणे अजून कुठल्याही गावाच्या हातात आहे.

कारखान्यांची गोष्ट अशीच. जुन्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी १० कामगार असले की तो कारखाना ठरत असे. नव्या संहितेत ही संख्या २० केली आहे. विजेशिवायच्या जागी २० ची ४०. खडीचा क्रशर, छोटी भातगिरणी, लाकडाची वखार, काजूचा कारखाना यांत माणसे दहा-पंधराच असतात. जिथे धूळ जास्त आणि यंत्रणा जुनाट, तिथूनच 'कारखाना' हा शब्द निघून गेला. धोकादायक कामाच्या बाबतीत एक जरी कामगार असला तरी संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. तो वापरला तर उपयोग. सिलिका धूळ उडणाऱ्या प्रत्येक कामाला हा अधिकार वापरून संहिता लागू करा, ही मागणी आज नेमकेपणाने करता येते.

धुळीला जात असते

कोकणातील आपल्या समाजाला धुळीचा इतिहास नवा नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रत्नागिरी जिल्ह्यातून, ज्यात तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचा मोठा भागही होता, हजारो माणसे मुंबईच्या कापड गिरण्यांत गेली. त्यांत महार कामगार मोठ्या संख्येने होते. पण गिरणीतही गावकूस होतीच. विणकाम खात्यात धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेले सूत सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून चांगल्या पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. ते रिंग-कताईसारख्या कमी पगाराच्या खात्यांत अडकले. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर हाच प्रश्न ठेवला : कामगार एक असेल तर विणकाम खाते सर्वांना खुले का नाही?

आज आपण त्यात आणखी एक गोष्ट जोडली पाहिजे. कापसाची धूळ गिरणीत सर्वत्र सारखी नसते. कापूस फोडणे, पिंजणे, कातणे या सुरुवातीच्या टप्प्यांत ती सर्वाधिक. सूत तयार होऊन विणकामापर्यंत जाईतो ती कमी होते. म्हणजे जातीने ज्यांना पगारात खाली ठेवले, त्यांना धुळीच्या दिशेलाही ढकलले. त्या पिढीतील किती माणसे खोकत-खोकत गावी परतली आणि 'मुंबईचे पाणी लागले नाही' एवढ्यावर त्यांची नोंद झाली, याचा हिशेब कुठल्याही दप्तरात सापडणार नाही.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात कामगार खाते सांभाळताना बाबासाहेबांनी धुळीचा प्रश्न प्रत्यक्ष पाहिला. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा क्षेत्रात गेले, खाणीत उतरले, कामगारांच्या वस्त्या पाहिल्या. तो काळ युद्धाचा होता. कोळशाच्या टंचाईमुळे स्त्रियांच्या भूमिगत कामावरील बंदी सरकारने उठवली होती आणि विधिमंडळात त्या निर्णयाचा बचाव करण्याचे अवघड काम त्यांच्याकडे आले. १९४६ च्या सुरुवातीला ती बंदी पुन्हा लागू झाली. याच काळात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर उपकर लावायचा आणि त्यातून कामगारांचे दवाखाने, पाणी, घरे यांची सोय करायची. तत्त्व सरळ आहे : जमिनीतून जे निघते, त्याने ते काढणाऱ्याच्या शरीराची किंमत मोजली पाहिजे. मालकाच्या दयेवर किंवा देवस्थानच्या शिबिरावर ते सोडायचे नाही.

या तत्त्वाचा आजचा वारसदार म्हणजे २०१५ च्या खनिज कायदा दुरुस्तीने आलेले जिल्हा खनिज प्रतिष्ठान. खाणधारकांकडून येणारा हा पैसा खाणबाधितांसाठी आहे आणि त्यात आरोग्य हे उच्च प्राधान्याचे क्षेत्र आहे. तो रस्ते, सभागृहे, सुशोभीकरणावर खर्च होत असेल आणि जिल्ह्यातील एकाही क्रशर कामगाराच्या छातीचा एक्स-रे त्यातून निघत नसेल, तर निधी आहे पण तत्त्व नाही.

क्षय म्हणून मेलेली माणसे

इटलीतील वैद्य रामाझिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना बजावले की रोग्याला त्याचा धंदाही विचारा. सव्वातीनशे वर्षांनंतर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर वय असते, लिंग असते, गाव असते; धंदा क्वचितच असतो. खोकला, ताप, वजन घटलेले, एक्स-रेवर डाग, म्हणजे क्षय. सहा महिने औषध. गुण नाही. पुन्हा औषध. शेवटी मृत्यू, आणि कागदावर क्षय. नोंद क्षयाची झाली की भरपाईचा प्रश्नच उरत नाही, कारण क्षय हा कुणाच्याही कारखान्यात तयार होत नाही.

मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ, धार येथील आदिवासी मजुरांचे असेच झाले. ते गुजरातमध्ये गोध्रा परिसरात गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला जात आणि काही महिन्यांत आजारी होऊन परतत. तरुण माणसे मरू लागली. संघटनांनी नावे, गावे, कामाच्या तारखा आणि एक्स-रे गोळा केले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे ते वर्षानुवर्षे लढले. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृत कामगारांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचे आदेश गुजरात सरकारला दिले. त्या लढ्याचे शस्त्र होते नोंद.

राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससह धुळीच्या सर्व फुप्फुसरोगांसाठी धोरण केले. तपासणी मंडळाने प्रमाणपत्र दिले की ३ लाख रुपये, मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख, शिवाय निवृत्तिवेतन. तिथेही विलंब आहेत, गैरप्रकारांच्या तक्रारी आहेत. तरी तिथे रोगाला नाव मिळाले आणि रोग्याला दार मिळाले. मालक कोण हे सिद्ध करण्याचे ओझे मरणाऱ्या माणसावर राहिले नाही. आज इथे, उद्या तिथे काम करणाऱ्या मजुराच्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे. महाराष्ट्रातील खाण आणि क्रशर कामगारांना याहून कमी का मिळावे?

आपण काय करू शकतो

पहिले काम ओले कापण्याचे. पात्यावर पाण्याची धार सोडली की बारीक धूळ उगमापाशीच बसते. क्रशरवर फवारे, पट्ट्यांवर झाकण, डंपरवर ताडपत्री, कच्च्या रस्त्यावर पाणी. हे उपाय महाग नाहीत. परवाना देताना आणि नूतनीकरण करताना ग्रामपंचायतीने या अटी लेखी मागाव्यात. मास्क हा शेवटचा उपाय. तो द्यायचाच असेल तर बारीक कण अडवणारा एन-९५ दर्जाचा द्यावा, कापडी नव्हे. मार्चच्या उन्हात आठ तास तो तोंडावर ठेवणे किती कठीण आहे हे ज्याला माहीत आहे, तो आधी पाण्याची धार मागेल.

दुसरे काम कागदाचे. दगड कापणे, फोडणे, त्याचा चुरा करणे ही कामे महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या यादीत आहेत. वर्षात ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यावर नोंदणी होते. आपल्या वस्तीतील अशा प्रत्येक कामगाराची, आणि खाणीवर बाहेरून आलेल्या कुटुंबांचीही, नोंदणी करून देणे हे तरुण मंडळांचे काम आहे. प्रत्येकाने एक वही ठेवावी : कोणत्या वर्षी, कोणत्या खाणीवर, कोणते काम, किती महिने. अलिराजपूरच्या लोकांना असाच हिशेब उपयोगी पडला.

तिसरे काम दवाखान्यात. डॉक्टर विचारो वा न विचारो, 'मी चिरेखाणीवर, क्रशरवर, वाळूवर इतकी वर्षे काम केले' हे सांगावे आणि केसपेपरवर लिहून घ्यावे. क्षयाचे औषध घेऊनही गुण येत नसेल तर सिलिकोसिसची शंका लेखी नोंदवायला सांगावे. एक्स-रेची प्रत स्वतःकडे ठेवावी.

चौथे काम आपल्या विहारांचे आणि मंडळांचे. जयंतीला रक्तदान शिबिर होते. त्याच दिवशी छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजण्याची तपासणी होऊ शकते. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि खनिज प्रतिष्ठानाकडे त्यासाठी अर्ज करावा. एका वस्तीत पन्नास माणसांची तपासणी झाली, तरी तो पहिला आकडा असेल आणि आकडा असला की अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९९५ मध्ये सिलिकोसिस २०३० पर्यंत जगातून हद्दपार करण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते वर्ष आता दारात आहे. हा रोग देवीसारखा लसीने जाणार नाही आणि नशिबाने येतही नाही. त्याला कारण आहे आणि ते कारण दूर करता येते. दुःखाला कारण असते आणि कारण नाहीसे केले की दुःख नाहीसे होते, हे ज्यांनी बुद्धाकडून घेतले, त्यांनी तरी कामगाराच्या खोकल्याला प्रारब्ध म्हणू नये. येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडता येईल : आमच्या हद्दीतील प्रत्येक खाणीची खोली मोजा, प्रत्येक पात्यावर पाणी लावा आणि प्रत्येक कामगाराची छाती तपासा. हा ठराव पाच मिनिटांत लिहून होतो.

जय भीम!